शेवंती : लांब रात्रीचे फूल

(बी. ए. भाग दोन)

या सत्राच्या सुरुवातीला इंग्रजीच्या तासाला एका उताऱ्यात 'हेदर' हा शब्द आला. शब्दकोशात 'माळरानावर उगवणारे एक झुडूप' एवढाच अर्थ सापडला. तास संपल्यावर सरांना विचारले, तेव्हा त्यांनी सविस्तर सांगितले. हेदरच्या कुळातील एक जात युरोपात आल्प्स पर्वतावर ऐन थंडीत, बर्फातूनही फुलते. एरिका कार्निया हे तिचे शास्त्रीय नाव. बुटके झुडूप, सुईसारखी पाने आणि इवल्या घंटांसारखी गुलाबी, तांबडी वा पांढरी फुले असे तिचे रूप असते. तिकडील लोकांनी हे रानचे झुडूप बागेत आणले आणि त्याचे कितीतरी वाण निवडून जपले. 'स्प्रिंगवुड व्हाइट' हा त्यांतील एक प्रसिद्ध पांढरा वाण. तो इटलीतील एका डोंगरावर एका स्कॉटिश बाईंना सापडला आणि त्यांच्या घराच्या नावाने ओळखला जाऊ लागला. इंग्लंडात तर केवळ या झुडपांच्या अभ्यासासाठी १९६३ साली एक संस्था स्थापन झाली.

एवढे सांगून सरांनी मलाच विचारले, "हे झाले त्यांचे. तुमच्या धारणीकडे थंडीत फुलणारे आणि घरोघर वाण असलेले फूल कोणते?"

मी थोडा विचार करून म्हणाले, "शेवंती, सर."

"मग तिच्याविषयी काय माहीत आहे तुला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याची मला अधिकच लाज वाटली, कारण शेवंतीचे एक कोडे आमच्या घरातच पडलेले होते. आमच्या अंगणात पत्र्याच्या दोन डब्यांत आईने लावलेली पांढरी शेवंती आहे. लग्न होऊन आली तेव्हा आईने माहेराहून तिच्या काश्या ओल्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. आजी आता नाही. माहेरच्या अंगणातली शेवंतीही राहिली नाही. आमच्याकडे मात्र ती दरवर्षी मार्गशीर्षात फुलायची. परंतु मागील दोन वर्षे झाड हिरवेगार असूनही कळी धरत नव्हते. आई शेवटी कंटाळून म्हणाली, "औंदा बी फुललं नाई तं उपटून टाकू त्याले. उगाच पानी कायले घालाव?"

प्रस्तुत लेखाचे निमित्त हे एवढेच आहे. शेवंती म्हणजे काय, ती कोठून आली, तिचे वाण कोणते, ती हिवाळ्यातच का फुलते आणि आमच्या घरची का फुलेना, हे वाचनातून व थोड्याशा प्रयोगातून मला जसे समजले तसे येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एक फूल की अनेक फुले?

शेवंतीचे फूल आपण एक म्हणून खुडतो, परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते एक फूल नव्हेच. ती अनेक लहान फुलांची एका बैठकीवर भरलेली सभा आहे. शेवंती ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती होय. झेंडू आणि आपल्या वऱ्हाडात पिकणारी करडई हीसुद्धा याच कुळातील. या कुळातील 'फुला'च्या कडेला ज्या लांबट पाकळ्या दिसतात त्यांतील प्रत्येक पाकळी म्हणजे स्वतंत्र लहान फूल असते. त्यांना किरणपुष्पके म्हणतात. मधल्या गोल चकतीत नळीसारखी बारीक फुले दाटीने बसलेली असतात. ती बिंबपुष्पके होत.

शेवंतीच्या वाणांतील सर्व वैचित्र्य या दोन प्रकारच्या पुष्पकांच्या प्रमाणातून आणि आकारातून निर्माण झाले आहे. किरणपुष्पकांची एकच रांग असली आणि मधली पिवळी चकती उघडी दिसली की ती एकेरी शेवंती. किरणपुष्पके इतकी वाढली की चकती झाकून गेली, तर ती दुहेरी किंवा भरगच्च शेवंती. पाकळ्या आत वळल्या तर फूल चेंडूसारखे दिसते आणि बाहेर वळल्या तर उलट्या छत्रीसारखे. काही वाणांत पाकळीचे टोक चमच्यासारखे असते, काहींत पूर्ण पाकळी नळीसारखी, तर काहींत पाकळ्या लांब, बारीक व टोकाशी वाकलेल्या असल्यामुळे फूल कोळ्यासारखे भासते. लहान, गच्च, बटणासारख्या फुलांना पाँपॉन म्हणतात. रंगांत पांढरा, पिवळा, गुलाबी, जांभळा, तांबूस, विटकरी असे बहुतेक सर्व आहेत. शुद्ध निळा तेवढा निसर्गतः आढळत नाही.

शेवंतीचा प्रवास

शेवंतीचे मूळ घर चीन. तेथे दोन हजार वर्षांहून अधिक काळ तिची जोपासना होत आली आहे. चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेला चिनी कवी थाओ युआनमिंग याचे शेवंतीवरील प्रेम त्या देशात आजही सर्वांना परिचित आहे. सरकारी नोकरी सोडून खेड्यात शेती करणाऱ्या या कवीमुळे शेवंती ही तेथे साध्या, स्वाभिमानी जीवनाची खूण मानली गेली. चीनमधून ती जपानात गेली आणि तेथे तिला राजमान्यता मिळाली. सोळा पाकळ्यांची शेवंती ही जपानच्या राजघराण्याची मुद्रा आहे.

युरोपात ती बऱ्याच उशिरा पोहोचली. लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५३ साली 'क्रिसँथेमम' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'सोनेरी फूल' असा होतो. १७८९ साली ब्लांकार नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने चीनमधून तीन वाण मार्सेय बंदरात आणले, पण त्यांतील एकच जगला. पुढे १८४६ साली रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून लहान फुलांची शेवंती इंग्लंडला नेली आणि तिच्यापासून फ्रान्समध्ये पाँपॉन जातीचे वाण तयार झाले. समुद्रप्रवासात एखादे रोप वाचते आणि त्यावर पुढील पिढ्यांची बाग उभी राहते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. तिचा संबंध लेखाच्या शेवटी येईल.

हिंदीत शेवंतीला गुलदाउदी म्हणतात. आपल्या धारणीत मराठी, हिंदी आणि कोरकू या तिन्ही भाषा कानांवर पडत असल्याने बाजारात दोन्ही नावे चालतात.

आपल्याकडील वाण

भारतातील शेवंतीचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. पहिला वर्ग मोठ्या फुलांच्या शेवंतीचा. ही कुंडीत लावतात, एका फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या खुडतात आणि मोठे झालेले फूल प्रदर्शनात मांडतात. दुसरा वर्ग लहान फुलांच्या शेवंतीचा. हिला फुले पुष्कळ येतात आणि ती हार, वेण्या, गजरे व पूजेसाठी वापरतात. आपल्या घरांतून व शेतांतून आढळते ती बहुतेक या दुसऱ्या वर्गातील.

महाराष्ट्रात पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांत शेवंतीची शेती मोठ्या प्रमाणावर होते. तेथील शेतकऱ्यांत राजा, झिपरी, बग्गी, सोनाली तारा, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी हे वाण परिचित आहेत. ही नावेच पाहावीत. झिपरी म्हटले की मोकळ्या, विस्कटलेल्या केसांची मुलगी डोळ्यांपुढे येते, आणि रेवडी म्हटले की संक्रांतीची तिळाची रेवडी. फुलाला नाव देताना माणसे आपल्या घरातलीच उपमा घेतात.

या जुन्या वाणांबरोबर संशोधन संस्थांनी तयार केलेले वाणही आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीवर प्रदीर्घ काम केले आहे. तेथे कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी द्रव्याच्या गॅमा किरणांचा उपयोग करून नव्या रंगांचे वाण मिळवले गेले. 'शरद माला' हा याच संस्थेचा एक वाण. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने इंदिरा, राखी, रेड गोल्ड, कीर्ती, चंद्रिका, नीलिमा असे वाण दिले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने 'पीकेव्ही शुभ्रा' आणि 'पीडीकेव्ही रागिणी' हे शेवंतीचे वाण प्रसारित केले आहेत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विदर्भात 'बिजली' नावाने विकली जाणारी फुलेही शेवंतीसारखीच दिसतात. परंतु ती एकवर्षायू शेवंती होय. ती बियांपासून येते, फुलते आणि त्याच हंगामात मरते. अकोल्याच्या विद्यापीठाचा 'बिजली सुपर' हा वाण या प्रकारातील आहे. आपल्या अंगणातील शेवंती मात्र बहुवर्षायू आहे. तिचे खोड वाळले तरी मुळाशी जीव असतो आणि तेथून नवे कोंब फुटतात. या लेखात शेवंती म्हणजे ही दुसरी, बहुवर्षायू शेवंती समजावी.

ती हिवाळ्यातच का फुलते?

आमच्याकडे सर्वसाधारण समज असा की, शेवंतीला थंडी लागली की ती फुलते. माझाही तोच समज होता. परंतु मग प्रश्न पडला, मागची दोन्ही वर्षे थंडी पडली नव्हती काय? मेळघाटात थंडी पडत नाही असे तर कोणी म्हणणार नाही. मग झाड का फुलले नाही?

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथालयातील एका वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मिळाले, आणि ते समजण्यास भूगोलाच्या तासाची मदत झाली. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांसमोर तंबाखूच्या एका वाणाचे असेच कोडे होते. हा वाण उन्हाळ्यात शेतात माणसाहून उंच वाढे, पण फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचगृहात ठेवला की फुले. त्यांनी तापमान, पाणी, खत असे सर्व तपासले. अखेर भर उन्हाळ्यात त्यांनी काही झाडे रोज ठरावीक वेळी अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, म्हणजे त्यांचा दिवस कृत्रिम रीतीने लहान केला. झाडे फुलली! १९२० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. झाडाला दिवसाची लांबी कळते आणि अनेक झाडे त्यावरून फुलण्याचा काळ ठरवतात, हे त्यातून सिद्ध झाले. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या वनस्पतींना लघुदिवसी वनस्पती म्हणतात. शेवंती ही त्यांतीलच एक.

आता भूगोलाकडे वळू. धारणी सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास येथे दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो पावणेअकरा तासांच्या आसपास येतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात आणि पुढे रात्र वाढत जाते. प्रत्येक वाणाची आपापली मर्यादा असते. रात्र त्या मर्यादेपलीकडे लांबली की शेंड्यावर पाने तयार होणे थांबते आणि कळी तयार होऊ लागते. तेव्हापासून फूल उमलेपर्यंत किती आठवडे लागतात त्यावरून वाणांची वर्गवारी करतात. काही वाण सहा-सात आठवड्यांत उमलतात, बहुसंख्य आठ ते दहा आठवड्यांत, तर काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. लवकर येणारी, मध्यम आणि उशिरा येणारी शेवंती असे जे भेद आहेत, त्यांचे मूळ येथे आहे. आमची शेवंती मार्गशीर्षात, म्हणजे सुमारे डिसेंबरात फुलायची. दहा आठवडे मागे मोजले तर आपण सप्टेंबरच्या अखेरीस, दिवस-रात्र समान होण्याच्या काळात पोहोचतो. हा हिशेब वहीत मांडला तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. आईच्या डब्यातले झाड सूर्याच्या दक्षिणायनाचा हिशेब ठेवत होते.

पुढील संशोधनात आणखी एक गोष्ट उघड झाली. झाड मोजते ते दिवस नव्हे, तर अखंड अंधार. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी शंकेश्वर या तणावर प्रयोग केले. शंकेश्वर म्हणजे आपल्याकडे पडीक जागेत वाढणारे, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचे झाड. त्याला पुरेशी लांब रात्र दिली, पण मध्येच थोडा वेळ प्रकाश दाखवला, तर ते फुलत नाही. रात्रीचे दोन तुकडे झाले की झाडाच्या दृष्टीने ती लांब रात्र राहत नाही. शेवंतीचेही तसेच आहे.

हा अंधार झाडाचा कोणता अवयव ओळखतो? रशियातील चैलाख्यान या शास्त्रज्ञाने १९३७ च्या सुमारास शेवंतीवरच प्रयोग करून याचे उत्तर दिले. त्याने झाडाच्या वरच्या भागाची पाने काढून टाकली आणि खालच्या पानांना लांब रात्र दिली. वरच्या शेंड्यावर प्रकाश असूनही तेथे फुले आली. याचा अर्थ अंधार ओळखतात ती पाने, आणि पानांकडून शेंड्याकडे काही तरी संदेश जातो. पानांत प्रकाश ओळखणारे फायटोक्रोम नावाचे द्रव्य असते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रत्यक्ष दाखवून दिले. हे द्रव्य विशेषतः तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असते, आणि आपल्या नेहमीच्या पांढऱ्या दिव्यांतही तांबडा प्रकाश मिसळलेला असतो.

याचा अर्थ थंडीचा संबंधच नाही असे मात्र नव्हे. फार उष्ण रात्री असल्या तर कळी उमलण्यास विलंब लागतो, आणि गार रात्रीत रंग खुलतो. आमच्या पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्यांवर कडक थंडीत किंचित गुलाबी छटा येते. थंडी फुलाला मदत करते, पण कळी धरण्याची आज्ञा रात्रच देते. सरांनी सांगितलेल्या हिवाळी हेदरची गोष्ट याहून वेगळी आहे. ती आपल्या कळ्या थंडीपूर्वीच तयार करून ठेवते आणि पुढे थंडीत त्या उमलवते. दोन्ही फुले हिवाळ्यातलीच, परंतु तेथवर पोहोचण्याच्या दोघींच्या वाटा निराळ्या आहेत.

आमच्या अंगणातील प्रयोग

हे वाचत असताना माझ्या डोळ्यांपुढे एकदम आमच्या घरासमोरचा खांब आला. अडीच वर्षांपूर्वी त्या खांबावर नवा पांढरा दिवा बसला. तो संध्याकाळी लागतो तो उजाडेपर्यंत जळतो. त्याच्या उजेडात अंगणात बसून मी बारावीचा अभ्यास केला आहे. आणि आईचे शेवंतीचे डबे बरोबर त्याच उजेडात होते!

तर्क सुचला, पण तो तपासणे आवश्यक होते. पावसाळ्यात आईने एक काशी वेगळ्या डब्यात लावली होती, त्यामुळे एकूण तीन डबे झाले. १५ सप्टेंबरपासून मी पुढीलप्रमाणे व्यवस्था केली. पहिला डबा होता तेथेच, दिव्याखाली ठेवला. दुसरा घरामागे गोठ्याच्या बाजूला, जेथे रात्री पूर्ण अंधार असतो, तेथे नेला. तिसरा डबा पहिल्याच्या शेजारी ठेवला, पण रोज संध्याकाळी सहा वाजता त्याच्यावर मोठी टोपली पालथी घालून वरून गोणपाट व काळे कापड टाकायचे आणि सकाळी सात वाजता काढायचे. तिसऱ्या डब्याची गरज अशी की, गोठ्याजवळचे झाड फुलले तर कोणी म्हणेल, तेथे शेणखत मिळाले म्हणून फुलले. तिसऱ्या डब्याची जागा आणि माती पहिल्यासारखीच होती. फरक होता तो फक्त अंधाराचा.

आई पहिले काही दिवस हसत होती. शेजारच्या काकूंनी विचारले, "हे काय, झाडाले पडद्यात ठेवता काय तुमी?" मी परीक्षेचे काम आहे असे सांगून वेळ मारून नेली. नवरात्रात तीन-चार दिवस मी झाकायला विसरले, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गोठ्याजवळच्या झाडाच्या शेंड्यावर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिले फूल उमलले. टोपलीखालच्या झाडाला कळ्या उशिरा आल्या आणि फुले सुमारे बारा दिवसांनी उमलली. ती संख्येने कमीही होती. माझ्या विसरण्याचा तो परिणाम असावा. दिव्याखालच्या झाडाला मात्र हा लेख लिहीपर्यंत एकही कळी आलेली नाही. पाने मात्र सर्वांत हिरवी त्याचीच आहेत.

एका अंगणातील तीन डबे म्हणजे सिद्धांत नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु आमच्या घरचे कोडे सुटण्यास एवढे पुरेसे होते. मी आईला सर्व समजावून सांगितले. दक्षिणायन, अक्षांश, फायटोक्रोम यांतले तिला किती कळले कोण जाणे. ती फुलाकडे पाहत एवढेच म्हणाली, "म्हंजे उजेडानं त्याले झोपच लागत नव्हती म्हन."

मी वाचलेल्या दोन-तीन प्रकरणांचे सार याहून थोडक्यात मला सांगता आले नसते.

वाण कसा टिकतो?

या निमित्ताने आणखी एक गोष्ट लक्षात आली. शेवंतीचा वाण बियांतून टिकत नाही. तिच्या पेशींतील गुणसूत्रांचे सहा संच असतात, साधारणपणे ५४ गुणसूत्रे. अनेक पूर्वजांचे गुण तिच्यात मिसळलेले आहेत. त्यामुळे बी पेरले तर येणारे प्रत्येक रोप निराळे निघते. संशोधकांना नवे वाण शोधण्यासाठी याचा उपयोग होतो, परंतु असलेला वाण जसाच्या तसा ठेवायचा तर एकच मार्ग असतो. फुलांचा हंगाम संपला की मुळाशी फुटणाऱ्या काश्या वेगळ्या करून लावायच्या किंवा शेंड्याचे छाट लावायचे. हेदरचे बागेतील वाणही असेच छाटांनी टिकवतात. याचा अर्थ असा की, आमच्या डब्यातील झाड हे आजीच्या झाडाचे वंशज नसून, एका दृष्टीने आजीच्या अंगणातील तेच झाड आहे. ते हातोहात पुढे आले आहे. एका वर्षी कोणीही काशी लावली नाही, की तो वाण संपला. ब्लांकारच्या जहाजातील तीन वाणांपैकी एक वाचला तसेच हे आहे.

बाजारात आता बाहेरगावाहून शेवंतीच्या फुलांची पोती येतात. मार्गशीर्षातील गुरुवारी वाटेल तेवढी फुले विकत मिळतात. त्यामुळे अंगणातील डबे कमी होत चालले आहेत, आणि जे आहेत त्यांच्यावर आता दिवे आले आहेत. दिवे नकोत असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्या दिव्याखाली बसूनच मी येथवर आले. झाड फक्त चार पावले अंधारात न्यायचे, एवढीच गोष्ट आहे. ती ठाऊक नव्हती म्हणून आम्ही आजीची शेवंती उपटून फेकणार होतो.

आईला अक्षरओळख नाही. परंतु पुस्तकात दिलेली शेवंतीची बहुतेक सर्व निगा ती आधीपासून करत होती. वैशाखातील ऊन सोसत नाही म्हणून ती डबे रांजणाच्या सावलीत ठेवते. पावसाळा लागला की शेंडे खुडते, म्हणजे फांद्या पुष्कळ फुटतात. डब्याला खाली भोके पाडते, कारण पाणी साचले तर मूळ कुजते. फुले संपली की खोड वीतभर ठेवून छाटते आणि फाल्गुनात काश्या वेगळ्या करते. यातले 'का' तिला सांगता येत नाही, आणि मला 'कसे' येत नव्हते. या वर्षी काश्या वेगळ्या करताना मी तिच्याजवळ बसून ते शिकणार आहे. घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. येथे मिळालेले ज्ञान घरी उपयोगी पडेल किंवा नाही अशी शंका मला पहिल्या वर्षी वारंवार येत असे. ती शंका आता राहिलेली नाही.

शेवटी माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा आजोळी जुनी शेवंती असेल. तिचा रंग, तिला घरात ज्या नावाने ओळखतात ते नाव, ती कोणाकडून आली आणि साधारण कोणत्या तिथीला फुलते, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. तिच्या काश्या निदान आणखी दोन घरी द्याव्यात, म्हणजे एका घरी झाड मेले तरी वाण मरणार नाही. ज्यांची शेवंती फुलत नसेल त्यांनी प्रथम रात्री तिच्यावर दिवा पडतो काय ते पाहावे. आमच्या शेवंतीच्या दोन काश्या फाल्गुनात शेजारच्या काकूंना द्यायच्या ठरल्या आहेत. एक डबा महाविद्यालयासाठी आणण्याची परवानगी सरांनी दिली आहे. तो ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीशी ठेवायचा विचार आहे, कारण त्या बाजूला दिवा नाही.